खवट खोबऱ्याचा वास

इराला सोडायला निघालो त्या सकाळी आमच्या गाडीच्या डिकीत तिच्या दोन बॅगा होत्या, एक सायकल होती आणि उरलेल्या जागेत खाणं होतं. खरं सांगायचं तर खाणं आधी भरलं होतं आणि उरलेल्या जागेत बॅगा आणि सायकल होती.

"मेघना, ती फ्रान्सला चाललीय," मी बायकोला म्हणालो. "सगळं जग तिथे खायला जातं."

"जाऊ दे की जगाला. मेतकूट मिळतं का तिथे?" असं म्हणून तिने मेतकुटाचा डबा सायकलच्या आऱ्यांमध्ये खोचला.

इरा आमची एकुलती एक. जन्म इथला, कार्ल्सरूहेचा. मराठी सगळं समजतं, तिने समजू नये असं आम्हाला वाटतं तेही समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. "पापा, कोम येट्स्ट," ती पुढच्या सीटवरून म्हणाली, म्हणजे चल आता. मी गाडीचा आरसा पुसत होतो. तो आधीच पुसून झालेला होता.

मी सांगलीहून निघालो तेव्हा माझे वडील, अप्पा, माझ्या बॅगेची दोरी सोडून पुन्हा बांधत बसले होते. गाठीवर गाठ. फ्रँकफर्टला उतरल्यावर ती सोडवताना माझी नखं तुटली आणि मी मनातल्या मनात अप्पांवर चिडलो. विसाहून जास्त वर्षांनी, आमच्या पार्किंगमध्ये हातात फडकं घेऊन उभा असताना, मला त्या गाठी कळल्या. निरोपाच्या वेळी बापाला हाताला काहीतरी काम लागतं. अप्पांना दोरी होती, मला आरसा.

फरक एवढाच की मी निघालो तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नव्हतं. 'मुलगा जर्मनीला, सॉफ्टवेअरमध्ये' एवढं म्हटलं की समोरचा पुढचं स्वतःच म्हणायचा, "वा वा." इराचं तसं नव्हतं. ती केमिकल इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, गास्कोनी नावाच्या भागात, ब्रँडी करायला शिकायला निघाली होती. हे वाक्य मी सांगलीच्या नातेवाइकांपुढे अनेक प्रकारे म्हणून पाहिलं. कुठल्याच प्रकारात 'वा वा' आलं नाही.

या सगळ्याला जबाबदार आमच्या खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लांग. पहिल्या वर्षी मी रविवारी, म्हणजे आवाज करायला बंदी असते त्या दिवशी, रिकाम्या बाटल्या काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, म्हणून या बाईंनी मला जिन्यात गाठून हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, तोंडपाठ म्हणून दाखवले होते. इराच्या जन्मानंतर मात्र त्या विरघळल्या. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्यांनी एक लांबट लाकडी पेटी आणून दिली. आत बाटली, आणि बाटलीवर इराच्या जन्माचं वर्ष. आर्मान्याक. म्हणजे द्राक्षाच्या वाइनपासून गाळलेली ब्रँडी. पण एकाच वर्षाच्या द्राक्षांची, दुसऱ्या कुठल्या वर्षाचा थेंब न मिसळलेली, ओकच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली. आपल्याकडे मूल झालं की पत्रिका करतात, त्यांच्याकडे बाटली.

मी ती बाटली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, नेली आणि बटाट्यांच्या पोत्याशेजारी आडवी ठेवली. माझा विचार असा की आधीच इतकी मुरलीय, इराच्या लग्नापर्यंत आणखी मुरेल. आमच्या घरी लिंबाचं लोणचं वर्षानुवर्षं मुरवतात. ते काळं पडतं, आणि मग पोट बिघडलं की औषधासारखं चाटवतात. तोच हिशोब मी इथे लावला. एवढंच नाही, अधूनमधून खाली जाऊन बाटली जरा हलवूनही यायचो, बरणी हलवतात तशी.

एकदा इराने पकडलं. "पापा, वास माख्स्ट डू दा?" काय करतोयस?

"मुरवतोय," मी म्हणालो.

तिने तिथल्या तिथे फोनवर वाचून काढलं आणि बटाट्यांच्या पोत्यावर बसून हसत सुटली. ब्रँडी मुरते ती लाकडात. काचेत गेली की तिचं वय थांबतं. मग ती दहा वर्षं ठेवा नाहीतर पन्नास, भरली त्या दिवशी होती तशीच राहणार. वर बाटली आडवी ठेवली तर एवढं कडक पेय बुचालाच खाऊन टाकतं. म्हणजे मी जे मुरवणं समजत होतो ते बाटली पद्धतशीर नासवणं होतं.

तेव्हा वाचवायला म्हणून ती उघडली. फ्राउ लांगनाही वर बोलावलं. मला नेलपॉलिशचा वास आला, तसं मी सांगितलंही. इरा मात्र ग्लास हातात धरून तासभर नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बघतो तर तोच ग्लास, रिकामा, नाकाशी.

"अगं, रिकामा आहे तो."

"गेनाऊ," ती म्हणाली. म्हणजे तेच तर.

बापाने काळजी करावी तो क्षण हा होता. मी काळजी करत होतो ती डिशवॉशर अर्धाच भरलाय याची.

आता अप्पांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अप्पांचं सांगलीत चहाचं घाऊक दुकान होतं. आसामहून, निलगिरीहून नमुने यायचे. अप्पा टेबलावर पांढऱ्या कपांची रांग लावायचे, चमच्यातला चहा असा काही आवाज करून ओढायचे की रस्त्यावरची माणसं आत डोकावायची, मग तो तोंडात घोळवायचे आणि लांब ठेवलेल्या पितळी पिकदाणीत थुंकायचे. कशात काय मिसळायचं ते यावर ठरायचं. आमच्या भागातल्या कितीतरी लग्नांचा चहा अप्पांच्या थुंकण्यावर ठरलेला आहे. चौथीत बाईंनी विचारलं, वडील काय करतात? मी खरं ते सांगितलं, "थुंकतात." बाईंनी अप्पांना शाळेत बोलावून घेतलं.

आणि दारू. इतरांच्या घरी मसाल्याच्या डब्यांमागे ब्रँडीची एक छोटी बाटली असायची, थंडीत पोरांच्या छातीला चोळायला, बाळंतिणीला चमचाभर द्यायला. आमच्या घरी तीही नव्हती. कारण नानाकाका, अप्पांचे थोरले भाऊ. दुकान त्यांनीच सुरू केलेलं. चहा चाखायला अप्पांना शिकवलं त्यांनीच. मग पिणं सुरू झालं. मला आठवतं तसं, अप्पा दुकान बंद करून घरी यायच्या आधी एस.टी. स्टँडच्या मागे जायचे आणि नानाकाकांना खांद्याचा आधार देत घरी आणायचे. नानाकाका गेले तेव्हा माझ्या आजच्या वयाचेही नव्हते. त्यानंतर अप्पांनी त्यांचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही.

म्हणून अप्पांना कसं सांगायचं यावर मेघनाने आणि मी बराच खल केला. 'फूड टेक्नॉलॉजी' म्हणावं, असं एक मत आलं. ते माझं होतं. इराने दोघांनाही बाजूला केलं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ती स्वतः बसली आणि पाठ केल्यासारखं मराठीत म्हणाली, "आजोबा, मी फ्रान्सला ब्रँडी बनवायला शिकणार आहे."

अप्पा हलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. नेट होतं.

"म्हणजे गुत्ता," अप्पा म्हणाले आणि उठून गेले. स्क्रीनवर बराच वेळ त्यांची रिकामी खुर्ची आणि मागचं कॅलेंडर दिसत राहिलं.

त्या दिवसापासून अप्पा इराशी बोलेनासे झाले. आई गेल्यानंतर ज्या नातीशी त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं, अर्धं जर्मनमध्ये आणि अर्धं खाणाखुणांनी, तिच्याशीच. रविवारी फोन लावला की आधी विचारायचे, "ती आहे का तिथे?" असेल तर, "मग नंतर करतो." मेघनाला हळूच विचारायचे, "जेवते ना नीट?" आणि इकडे इरा मला विचारायची, "आजोबा नोख ब्योझे?" अजून रागावलेत? मी म्हणायचो, होईल सगळं ठीक. हे वाक्य बापांना फुकट मिळतं. खरं म्हणजे अप्पा ऐंशीचे झाले होते, आणि दोघांमध्ये गेलेलं बोलणं परत यायला त्यांच्याकडे किती वेळ आहे, हे मोजायची मला भीती वाटत होती.

तर गास्कोनी. दोन दिवस गाडी चालवून पोचलो. इरा जिथे शिकणार होती तिथल्या मालकीणबाई गमबूट घालून दारात उभ्या. बैठं, लांबलचक कोठार, आणि त्याच्या भिंती बाहेरून काळ्याठिक्कर. मी उतरल्या उतरल्या इराला म्हटलं, त्यांना सांग, आगीबद्दल फार वाईट वाटलं. बाई पोट धरून हसल्या. आग कधी लागलीच नव्हती. पिंपांतून ब्रँडीची वाफ सतत थोडी थोडी उडत असते आणि त्या वाफेवर जगणारी काळी बुरशी भिंतींवर वाढते. भिंत जितकी काळी तितका आतला माल भरवशाचा.

मग बाईंनी सगळं दाखवलं. हिवाळ्यात भट्टी लागते. दीपमाळेसारखी उंच, तांब्याची. वाइन वरून उतरते, खालून वाफ चढते, दोघींची वाटेत गाठ पडते आणि शेवटी नळीतून पाण्यासारखं स्वच्छ आणि जीभ सोलून काढेल असं काहीतरी ठिबकतं. पूर्वी ही भट्टी चाकांवर असायची आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरायची. रंग, गोडवा, वास हे सगळं नंतर ओकच्या पिंपात येतं. प्रत्येक पिंपावर खडूने वर्ष लिहिलेलं. दरवर्षी थोडी ब्रँडी लाकडातून उडून जाते. तिथले लोक म्हणतात, तो देवदूतांचा वाटा.

"आमच्याकडे उंदीर नेतात," मेघना म्हणाली. इराने त्याचं भाषांतर केलं नाही.

कोठाराच्या टोकाला एक छोटी खोली होती. तिथे काचेचे मोठमोठे बुधले, वेताच्या टोपल्यांत बसवलेले. लाकडाने द्यायचं ते देऊन झालं की ब्रँडी यात ओततात आणि तोंड बंद करतात. तिथून पुढे तिचं वय वाढत नाही. मी त्या बुधल्यांपुढे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. तुम्ही सांगलीत असा किंवा माझ्यासारखे इथे कुठेतरी, तुम्हाला एक कबूल करावं लागेल: जो गेला त्याचं गाव तो निघाला त्या वर्षी काचेत बंद होतं. मागच्या खेपेला मी सांगलीत रिक्षावाल्याला पत्ता सांगताना एका थिएटरचं नाव घेतलं. तो म्हणाला, "काका, ते पाडून जमाना झाला." माझं मराठीही तसंच. भाचा म्हणतो, मामा जुन्या बातम्यांसारखं बोलतो. लाकडात राहिलेले मुरत गेले, बदलत गेले. मी छान राहिलोय, फक्त बुधल्यात.

आल्झो, पुढे.

पुढच्या वसंतात अप्पा आमच्याकडे आले. पाहुण्याचा सगळा खर्च मी उचलेन असं आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, जाऊन लिहून द्यावं लागतं. त्या कागदाचं जर्मन नाव फरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग. ते नीट म्हणायला शिकेपर्यंत अप्पांचा व्हिसा आलासुद्धा. आणि अप्पा आहेत हे माहीत असूनही, किंवा माहीत होतं म्हणूनच, इरा ओस्टर्नच्या, म्हणजे ईस्टरच्या, सुट्टीत घरी आली.

तिच्याबरोबर छोट्या छोट्या बाटल्यांची एक पेटी होती. परत गेल्यावर मालकीणबाई तिची परीक्षा घेणार होत्या. नुसत्या वासावरून आणि चवीवरून सांगायचं, हे किती जुनं, अजून लाकडात ठेवायचं की काचेत काढायचं. जमलं तर बाई तिला कोठारात कायमची ठेवून घेणार होत्या. बाकी सगळं तिला येत होतं. एकच वास सापडत नव्हता. फार जुन्या, लाकडात कित्येक दशकं काढलेल्या ब्रँडीलाच तो येतो आणि तिथली माणसं त्याचीच वाट बघत आयुष्य काढतात. बाई म्हणायच्या अक्रोड, कुणी म्हणायचं अळंबी, कुणी जुनं लोणी. इराच्या नाकाला त्यातलं काहीच पटत नव्हतं.

पहिले दोन दिवस घरात मी दुभाष्या होतो. एकाच टेबलावर बसून अप्पा मला म्हणायचे, "मिलिंद, तिला सांग भात घे."

"अप्पा, ती समोर बसलीय."

"सांग म्हटलं ना."

"इरा, भात घे."

"दांके, आजोबा," इरा म्हणायची. अप्पा आमटीकडे बघायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी इरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाटल्या मांडून बसली. निमुळत्या तोंडाचे ग्लास, आणि शेजारी मेघनाचं एक स्टीलचं पातेलं. वास घ्यायचा, जरासं तोंडात घ्यायचं, घोळवायचं आणि पातेल्यात थुंकायचं. सकाळपासून एवढं कडक पोटात घालून कुणाला कामं करता येतील? तिथे सगळेच थुंकतात. मी शेजारी बसून पेपर वाचत असल्यासारखं करत होतो.

अप्पा चहा टाकायला आले. आमच्या हातचा चहा ते पीत नाहीत. इराकडे पाठ करून ओट्याशी उभे राहिले. मागून आवाज आला, थू, आणि मग पातेल्यात पचक. अप्पांची पाठ ताठ झाली. पुन्हा थू. पचक. आणि हनुवटी पुसल्याचा आवाज. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा अप्पा हातातली गाळणी घेऊन गर्रकन वळले.

"हे काय थुंकणं झालं?"

जवळजवळ वर्षभरानंतरचं त्यांचं नातीशी हे पहिलं वाक्य.

"आजोबा?"

"अगं, निम्मं हनुवटीवर, निम्मं तोंडात. पुढच्याची चव कशी कळणार तुला? कोण ती तुझी बाई, तिने शिकवलं नाही?"

इराने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मराठीत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाली, "त्या पण एवढं छान नाही थुंकत."

"मग शिकवतात तरी काय!" अप्पांनी गॅस बंद केला. पेल्यात पाणी घेतलं. "इकडे बघ. ओठ असे, शीळ घालताना करतो तसे. जीभ मागून रेटायची. आणि जोर पोटातून. गाल फुगवायचे नाहीत."

फ्रिजपाशी उभं राहून अप्पांनी धार सोडली. बारीक, सलग, न तुटणारी धार स्वयंपाकघर ओलांडून सिंकच्या बरोबर जाळीवर पडली. मेघना दारात आली होती.

"अहो अप्पा!"

"मेघना, बाजूला हो जरा. रेषेत आहेस."

पुढचा अर्धा तास माझे वडील आणि माझी मुलगी माझ्या सिंकमध्ये पाणी थुंकत होते. आधी इराची धार मध्येच तुटायची, मग जाळीच्या डावीकडे जायची. अप्पा म्हणायचे, "घाई नको. घाई चहावाल्याने करायची नसते." ती चहावाली नव्हती, हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात नव्हतं.

मग अप्पांनी एक ग्लास उचलला आणि चहाच्या सवयीने नाक सरळ आत घातलं. डोळ्यांत पाणी आलं.

"नाही आजोबा, नाही!" आता इरा मास्तर झाली. "हे चहा नाही. हे जळतं. लांब धरायचं. आणि थांबायचं."

"किती थांबायचं?"

"ते येतं. आपण नाही जायचं."

अप्पांनी दुसऱ्याचं तान्हं धरावं तसा तो ग्लास लांब धरला. थांबले. मग डोळे मिटून म्हणाले, "खजूर. ओला खजूर."

"आणि?"

"संत्र्याचं वाळलेलं साल. मागे काहीतरी धुरकट."

"धुरकट म्हणजे?"

"पाणी तापवायच्या बंबाशेजारी वाळलेल्या टॉवेलला येतो तसं." बंब म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. मी खुणा करून सांगितलं.

इराकडे या वासांना फ्रेंच शब्द होते, जर्मन शब्द होते. मराठी एकही नव्हता. कुठून असणार? मी तिला मराठीत जे शिकवलं ते 'जेव', 'झोप' आणि 'जॅकेट घाल'. अप्पा एकेक ग्लास घेत होते आणि बोलत होते: हे तुरट, हे मातकट, हे अजून हिरवट आहे, राहू दे, याला ओशट वास आहे. ती प्रत्येक शब्द तोंडात घोळवत होती. ते शब्द मलाही कित्येक वर्षांत लागले नव्हते.

शेवटची बाटली सगळ्यात जुन्या पिंपातली. अप्पांनी ग्लास लांब धरला, थांबले, आणि तोंड वाकडं केलं.

"हे फेकून दे. खवट झालंय."

"काय झालं?"

"खवट गं. खोबऱ्याची वाटी डब्यात राहून राहून जुनी झाली की येतो तो वास. बिघडलाय तुमचा माल."

इरा खुर्चीतून उठली. "नोखमाल, आजोबा! परत, परत सांगा!"

"खवट खोबरं. त्यात काय परत सांगायचं?"

मेघना आधीच कपाटाकडे वळली होती. मागच्या खेपेला भारतातून आणलेलं सुकं खोबरं वरच्या फळीवर मागे राहून गेलं होतं. त्याचा वास डबा उघडताच आला. इराने खोबरं हुंगलं, मग ग्लास, मग खोबरं, मग ग्लास. आणि हळूच खाली बसली.

"आख् झो," ती म्हणाली. "हे आहे ते."

"काय आहे?"

"मला सापडत नव्हतं ते. हे खूप चांगलं असतं, आजोबा. सगळ्यात चांगलं."

"म्हणजे खवट झालेलंच चांगलं?"

"गेनाऊ."

"हे मला आधी माहीत असतं," अप्पा म्हणाले, "तर दुकानातला किती चहा मी परत पाठवला नसता."

हसून झालं. अप्पा खुर्चीवर टेकले. ग्लास अजून हातातच होता, न चाखलेला. त्यात बघत ते म्हणाले, "नाना असा कधी बसला नाही."

मेघनाने खोबऱ्याचा डबा हळूच ओट्यावर ठेवला.

"माझ्याहून चांगलं नाक होतं त्याचं. पण याचा वास त्याने कधी घेतलाच नसेल. सरळ घशात." मग त्यांनी इराकडे बघितलं. "तुझं हे पिऊनही कुणीतरी तसा पडणारच ना?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं: अप्पा, ही फार महागडी असते, ही घेणारे लोक वेगळे असतात, वगैरे. इराने मला बोलू दिलं नाही.

"हो आजोबा," ती म्हणाली. "पडेल कुणीतरी. नाही असं मी नाही म्हणू शकत."

"मग?"

तिला शब्द सापडेनात. जर्मनमध्ये तिने हे दोन वाक्यांत सांगितलं असतं, पण तिने जर्मन घेतलं नाही. "मग... मला ते लक्षात ठेवायचंय. आणि हे काम करायचंय. दोन्ही."

अप्पा हातातला ग्लास फिरवत राहिले. मी टेबलावरचा एक डाग बोटाने पुसत होतो आणि तो डाग नव्हता, लाकडातली गाठ होती.

"चहाचं बरं असतं," शेवटी अप्पा म्हणाले. "फार तर झोप उडते." मग हात पुढे केला. "चमचा दे."

"आजोबा, नाही प्यायलात तरी चालेल."

"पितोय कोण? मी चव बघतोय. आयुष्यभर बघितली, एक घोट गिळला नाही."

त्यांनी चमच्यातून तो थेंब ओढला. तसाच, दुकानातल्यासारखा, रस्त्यावरची माणसं आत डोकावतील असा. चहा ओढायची ती रीत या कडक प्रकरणाला मानवली नाही. ठसका लागला, कान लाल झाले, "मेलो, मेलो" झालं; पण थुंकताना धार अजिबात चुकली नाही. सरळ जाळीवर.

"मेघना, पोटात गेलं नाही. तू साक्षीदार."

"मी बघितलं, अप्पा."

"आता," डोळे पुसत ते इराला म्हणाले, "त्याच्या आधीचा लाव पुन्हा. दोन्हींत फरक सांग मला. मराठीत."

परीक्षेचा निकाल मला सगळ्यात शेवटी कळला. इराने आधी सांगलीला फोन केला होता. अप्पा तोवर परत गेले होते. मेघनाला अप्पांनी सांगितलं आणि मला मेघनाने. मालकीणबाईंनी इराला ठेवून घेतलं. आता रविवारच्या कॉलवर स्क्रीनचे तीन चौकोन असतात. एकात अप्पा, एकात इरा, एकात आम्ही. इराचं मराठी वाकडंतिकडं आहे, पण तुरट आणि तुरटसर यांतला फरक तिला कळतो, तो मला अजून नीट सांगता येत नाही. अप्पा पिंपांची चौकशी घरातल्या दुखण्याइतक्या काळजीने करतात. "ते गळत होतं ते कसं आहे आता?" मी मधूनमधून भाषांतर करायला तोंड उघडतो आणि दोघंही एकदम म्हणतात, "कळलं, कळलं." परवा मी अख्खा कॉल म्यूटवर होतो आणि कुणाला पत्ता लागला नाही. मेघनालाही नाही, आणि ती शेजारी बसली होती.

इथल्या मराठी मंडळींत कुणी ना कुणी विचारतंच, तुझं घर कुठलं रे, सांगली की कार्ल्सरूहे? बरीच वर्षं मी या प्रश्नावर उगाच उदास व्हायचो. सांगली म्हणावं तर तिथली वाट रिक्षावाल्याला विचारावी लागते. कार्ल्सरूहे म्हणावं तर इतक्या वर्षांनीही बेकरीतली बाई माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलते. मधल्या मधे असणं म्हणजे कुठलंच नसणं, असं मला वाटायचं. हल्ली तसं वाटत नाही. मधे कुणीतरी असावं लागतं. कॉट घालून ठेवायला, पाणी तापवून ठेवायला, सिंक घासून ठेवायला.

गेल्या रविवारी अप्पांनी विचारलं, "इरा, भट्टी हिवाळ्यात लागते म्हणालीस ना?"

"हो, आजोबा."

"मला बघायचीय. तिकिटाचं आणि त्या लांब नावाच्या कागदाचं मिलिंद बघेल."

इरा दुसऱ्या चौकोनात हात वर करून नाचली. मागच्या पिंपाला तिचं कोपर लागलं.

"आणि काय रे मिलिंद्या," अप्पा जरा थांबून म्हणाले, "जाता येता दोन दिवस तुझ्याकडेही टेकेन म्हणतो. चालेल ना?"

"या की, अप्पा," मी म्हणालो. "वाटेतच आहे."